ग्रेनेडात डॉक्टरकीचं पहिलं वर्ष: अभ्यास, ऊन, वादळं आणि एकटेपणा

प्रश्न असा आहे: ऑगस्टपासून ग्रेनेडातल्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण सुरू होतंय, घरापासून इतकं लांब आजवर राहिलेले नाही, तिथं मन रमेल का, अभ्यास झेपेल का, आणि जाताना काय न्यावं. मी याच बेटावर शिकलो आणि पुढे काही वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीररचनाशास्त्र शिकवलं, त्यामुळे सविस्तर लिहितो.

थोडक्यात सांगायचं तर, मन रमतं आणि अभ्यासही झेपतो, पण दिवसाची घडी तिथल्या उजेडाप्रमाणे आणि हवेप्रमाणे बसवली तर. घरी रात्री दोनपर्यंत जागून दुपारी उठायची सवय असेल तर ती बेटावर फार महाग पडते. मी बघितलेली जी मुलं अडचणीत आली, त्यातली बहुतेक हुशार होती. त्यांची झोप, जेवण आणि अभ्यासाच्या वेळा पहिल्या महिन्यात विस्कटल्या आणि मग सावरल्याच नाहीत.

बाकीचं सांगण्याआधी एक गोष्ट, कारण ती फी भरण्याआधीच तपासायला हवी. शिकून भारतात परत येऊन प्रॅक्टिस करायचा विचार असेल, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम स्वतः वाचा. परदेशी पदवीसाठी किमान ५४ महिन्यांचं शिक्षण आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि हे सगळं एकाच संस्थेत, पदवी देणाऱ्या देशातच झालेलं हवं. कॅरिबियन कॉलेजांची पद्धत मात्र वेगळी आहे. पहिली साधारण दोन वर्षं बेटावर आणि पुढची क्लिनिकल वर्षं मुख्यतः अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या रुग्णालयांत. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की अडचण लगेच दिसते. एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, आयोगाकडून लेखी उत्तर घ्या. अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण, करायचं पक्कं असेल तर हा रस्ता मळलेला आहे, तरीही तो सोपा नाही.

आता बेट. ग्रेनेडा विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १२ अंशांवर आहे. क्षेत्रफळ कॅरियाकू आणि पेटिट मार्टिनिक ही शेजारची छोटी बेटं धरून ३४४ चौरस किलोमीटर, वस्ती सव्वा लाखाच्या आत. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गाडीनं दोन तासांत पोचता येतं. वर्षभर सूर्य साधारण पावणेसहा ते साडेसहाच्या दरम्यान उगवतो आणि संध्याकाळीही त्याच सुमाराला मावळतो. संधिप्रकाश फार रेंगाळत नाही, बघता बघता काळोख होतो. दिवसाचं तापमान बाराही महिने तिशीच्या आसपास असतं. जानेवारी ते मे कोरडा काळ आणि जून ते डिसेंबर पावसाचा, एवढाच काय तो ऋतुबदल.

या सगळ्याचा अभ्यासाशी थेट संबंध आहे. ऋतू बदलत नाहीत तेव्हा आठवडे एकमेकांत मिसळून जातात आणि परीक्षा जवळ आली हे अंगाला जाणवतच नाही. म्हणून भिंतीवर मोठं कागदी कॅलेंडर लावा आणि परीक्षेपासून उलटे आठवडे मोजा. दुसरं, सकाळचे दोन तास राखा. साडेपाचला उठलात तर हवा गार असते, डोकं स्वच्छ असतं आणि घरी फोन करायलाही ती वेळ बरी. ग्रेनेडा भारताच्या साडेनऊ तास मागे आहे. तिथं सकाळचे सात वाजतात तेव्हा घरी दुपारचे साडेचार वाजलेले असतात. रात्री साडेनऊला केलेला फोन घरी सकाळी सातला वाजतो. या दोन वेळा सोडून मध्येच फोन करत राहिलात तर दोन्हीकडची झोप मोडते.

लेक्चर हॉल आणि लायब्ररी मात्र कमालीची थंड असतात. बाहेर घाम आणि आत कुडकुडणं, असं दिवसातून चार-पाच वेळा होतं. बॅगेत एक स्वेटर आणि पाण्याची मोठी बाटली कायम ठेवा. दुपारची डोकेदुखी पुष्कळदा पाणी कमी पडल्यामुळे असते आणि मुलं तिच्यावर कॉफी पितात.

अभ्यासाबद्दल. पहिल्या सत्रात शरीररचना, ऊतिशास्त्र, भ्रूणशास्त्र असं सगळं एकदम अंगावर येतं. एका आठवड्यात जितकं शिकवतात तितकं आधीच्या शिक्षणात महिनाभर पुरलेलं असतं. स्लाइड पुन्हा पुन्हा वाचून 'हे मला येतंय' असं वाटणं हा इथला सगळ्यात मोठा धोका आहे. ओळखीचं वाटणं वेगळं आणि आठवणं वेगळं. मी मुलांना ब्रेकियल प्लेक्ससचं, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या चेतांच्या जाळ्याचं, उदाहरण द्यायचो. मानेच्या पाचव्या मज्जारज्जू-चेतेपासून छातीच्या पहिल्या चेतेपर्यंत पाच मुळं, त्यातून तीन ट्रंक, मग डिव्हिजन, कॉर्ड आणि शेवटी शाखा. पुस्तकातलं चित्र दहा वेळा बघून हे येत नाही. कोरा कागद घ्यायचा, पुस्तक मिटायचं आणि काढायचं. अडलं तिथं थांबून बघायचं, कागद फाडायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कोऱ्या कागदावर काढायचं. चित्र हाताला बसलं की स्वतःलाच पेशंट द्यायचा: दंडाचं हाड मधोमध मोडलंय, मनगट खाली लोंबतंय, अंगठ्याच्या मुळाशी हाताच्या पाठीवर बधिरपणा आहे, पण कोपर ताठ करता येतंय. कोणती चेता, कुठं दुखावली? रेडियल नर्व्ह, कोपर ताठ करणाऱ्या ट्रायसेप्स स्नायूला जाणाऱ्या शाखा सुटून गेल्यानंतर, दंडाच्या हाडावरच्या स्पायरल ग्रूव्ह या खाचेत. कोपर ताठ होतंय या एका वाक्यात इजेची जागा दडलेली आहे. परीक्षेतले प्रश्न असेच असतात आणि पुढे वॉर्डातही विचार असाच करावा लागतो.

आठवड्याची मांडणी अशी जमते: आजचं लेक्चर आजच्या संध्याकाळी, उद्या सकाळी न बघता आठवायचं, शनिवारी आठवड्याचे सगळे विषय मिसळून प्रश्न सोडवायचे. अँकी हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांचं अ‍ॅप किंवा तसलं काही वापरत असाल तर कार्डं स्वतः बनवा आणि थोडी बनवा. दुसऱ्याची हजारो कार्डं उतरवून घेतली की त्यांची थकबाकी रोज वाढत जाते आणि मन खचतं.

पहिली मोठी परीक्षा काही आठवड्यांतच येते आणि तिचा निकाल पुष्कळांना हादरवतो. आयुष्यभर पहिल्या पाचात आलेली मुलं पहिल्यांदाच वर्गाच्या खालच्या भागात दिसतात. त्या दिवशी घरी फोन करून रडावंसं वाटलं तर रडा, पण दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिकेचं विश्लेषण घेऊन शिक्षकाच्या दारात उभे राहा. ऑफिस अवर्समध्ये येणारी मुलं फार कमी असतात आणि शिक्षक तिथं अक्षरशः वाट बघत बसलेले असतात. कॉलेजात अभ्यासपद्धतीसाठी मदत करणारे लोक असतात, सीनियर मुलांचे शिकवणी-गट असतात. ही मदत नापास झाल्यावर घ्यायची, अशी एक चुकीची समजूत आहे. ती पहिल्या आठवड्यातच घ्या.

अमेरिकेच्या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा, म्हणजे स्टेप १, २६ जानेवारी २०२२ पासून फक्त पास किंवा नापास असा झाला. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत दम घ्यायला हरकत नाही असं काही जण सांगतात. ते मला मान्य नाही. आता रेसिडेन्सीसाठी गुण बघितले जातात ते स्टेप २ चे, आणि ती इमारत याच दोन वर्षांच्या पायावर उभी राहते. शिवाय परदेशी पदवीधराच्या अर्जात एकही नापास प्रयत्न असला तर तो खुपतो.

आता माणसांबद्दल, कारण बाहेरून आलेले विद्यार्थी इथंच सगळ्यात जास्त चुकतात. ग्रेनेडात कुठंही गेलात तरी आधी अभिवादन. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, बँकेच्या रांगेत, 'गुड मॉर्निंग' किंवा 'गुड आफ्टरनून'. रात्री भेटल्यावरही 'गुड नाइट'नंच सुरुवात होते. नवा विद्यार्थी घाईत दुकानात शिरतो आणि थेट विचारतो, 'चार्जर आहे का?' काउंटरमागची बाई त्याच्याकडे बघते, थांबते आणि सावकाश म्हणते, 'गुड मॉर्निंग.' तो ओशाळतो, तोही म्हणतो आणि मग ती स्वतः उठून आतल्या कपाटातून चार्जर शोधून आणते. तिच्या दृष्टीनं माणूस म्हणून दखल घेतल्याशिवाय व्यवहार सुरू होत नाही. डॉक्टर होणाऱ्यानं हे जितक्या लवकर उचलावं तितकं बरं. पुढे पेशंटच्या खाटेजवळ पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, हे तुम्ही इथंच शिकता.

आणखी दोन गोष्टी. पोहण्याच्या कपड्यांत गावात किंवा बसमध्ये फिरू नका, ते असभ्य समजलं जातं. आणि लष्करी छापाचे, म्हणजे कॅमोफ्लाजचे कपडे बेटावर आणूच नका. सामान्य नागरिकांना ते घालायला कायद्यानं बंदी आहे, टोपीसुद्धा चालत नाही.

प्रवासासाठी खासगी मिनीबस असतात. त्यांच्यावर मार्गाचे क्रमांक असतात, गाणी मोठ्यानं चालू असतात आणि उतरायचं असेल तर आतून पत्र्यावर टकटक करायची. ग्रँड आन्सचा किनारा ते राजधानी सेंट जॉर्जेस हा मार्ग पहिल्याच आठवड्यात पाठ होईल. चलन ईस्टर्न कॅरिबियन डॉलर, १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० या दरानं बांधलेलं. अमेरिकन डॉलर सगळीकडे घेतात, पण भाव कोणत्या डॉलरमध्ये सांगितलाय ते विचारून घ्या. टॅक्सीत बसण्याआधी तर नक्कीच.

राहायला पहिलं वर्ष कॅम्पसमध्येच मिळालं तर घ्या. विद्यापीठाचा ट्रू ब्लू इथला कॅम्पस समुद्राला लागून आहे, आणि वर्ग, लायब्ररी, दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर असणं पहिल्या सत्रात फार मोलाचं असतं. पुढे ग्रँड आन्स किंवा लान्स ओ एपिनकडे घर बघाल तेव्हा खोलीच्या फोटोंपेक्षा तीन गोष्टी विचारा: पाण्याची टाकी आणि पंप आहे का, वीज बिल भाड्यात धरलंय का, खिडक्यांना डासांच्या जाळ्या आहेत का. कोरड्या महिन्यांत पाणी कमी दाबानं येतं किंवा येतच नाही. वीज बहुतेक डिझेलवर बनते म्हणून महाग आहे, आणि रात्रभर एसी चालवलात तर महिन्याचं बिल बघून धक्का बसेल. पंखा आणि उघडी खिडकी यांची सवय करा. वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे भारतातली उपकरणं ट्रान्सफॉर्मरशिवाय चालतात, फक्त इंग्लंडसारख्या तीन चपट्या पिनांचे अडॅप्टर लागतात. अमेरिकेतून येणाऱ्या मित्रांची खरी पंचाईत होते.

दमट हवेत चामड्याच्या चपला, पट्टे, पुस्तकं यांना बुरशी धरते. कपाटाची दारं अधूनमधून उघडी ठेवा, ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टाका. खाऱ्या वाऱ्यानं लॅपटॉपचे पोर्ट गंजतात, तेव्हा तो बाल्कनीत उघडा ठेवू नका.

तब्येतीबद्दल थोडं डॉक्टर म्हणून. ग्रेनेडात मलेरिया नाही, पण डेंग्यू आहे, आणि २०१४ मध्ये चिकनगुन्यानं व २०१६ मध्ये झिकानं कॅरिबियन बेटांना चांगलंच हैराण केलं होतं. तिन्हींचा डास एकच, एडीस, आणि तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी. म्हणजे तुम्ही बाकावर बसून वाचत असता तेव्हा. डासांचं मलम शाळेच्या डब्यासारखं रोज बॅगेत हवं. ताप आला आणि डोळ्यांमागं, सांध्यांत दुखायला लागलं तर फक्त पॅरासिटामॉल घ्या. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, अतोनात सुस्ती ही लक्षणं बहुधा ताप उतरतानाच दिसतात. तेव्हा वाट न बघता दवाखाना गाठा.

मुंगूस दिसेल, आणि घरची आठवण येईल. हा प्राणी एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला म्हणून भारतातून कॅरिबियनमध्ये आणला गेला. ग्रेनेडात तोच आज रेबीजचा वाहक आहे. तो चावला किंवा त्यानं ओरखडलं, तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. भटक्या कुत्र्यांबाबतही हेच.

समुद्रकिनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं. त्याचा चीक कातडीला भाजतो, म्हणून पावसात त्याच्या आडोशाला उभं राहू नका आणि फळ चाखून बघू नका. ग्रँड आन्सचं पाणी बहुतेक दिवस शांत असतं, अटलांटिकच्या बाजूचं तसं नसतं. पाण्यानं आत ओढलं तर किनाऱ्याकडे झगडत पोहू नका, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीतून बाहेर पडा. एकट्यानं पोहायला जाऊ नका, परीक्षा संपल्याच्या रात्री दारू पिऊन तर मुळीच नाही.

एवढं सांगूनही, समुद्रावर जाच. आठवड्यातून दोन संध्याकाळी, अर्धा-पाऊण तास, वेळापत्रकात लिहून. अभ्यास संपल्यावर जाईन म्हणणारा कधीच जात नाही, कारण अभ्यास संपत नाही.

खाणं जितकं परकं वाटेल असं वाटतं तितकं ते नाही. कॅलालू म्हणजे अळूचीच पानं, नारळाच्या दुधात शिजवलेली. नीरफणस जिथं तिथं मिळतो. ऑइल डाउन हा राष्ट्रीय पदार्थ नीरफणस, अळूची पानं, खारवलेलं मांस आणि नारळाचं दूध यांचा, पिवळाधमक, हळद घातलेला. बाजारात हळद हवी असेल तर 'सॅफ्रन' म्हणून मागा. चण्याचा किंवा बटाट्याचा रस्सा भरलेली रोटी सहज मिळते. १ मे १८५७ रोजी 'मेडस्टोन' हे जहाज भारतातून मजूर घेऊन ग्रेनेडाला लागलं, त्या लोकांच्या स्वयंपाकघरातून ती आली. जायफळ, दालचिनी, लवंग, तमालपत्र बेटावरच पिकतात, जायफळ तर झेंड्यावरही आहे. शनिवारी सकाळी सेंट जॉर्जेसच्या बाजारात जाऊन भाजी घ्या. सुपरमार्केटमधला माल बराचसा जहाजानं येतो, म्हणून महाग असतो, आणि जहाज लांबलं की दूध किंवा दही आठवडाभर दिसत नाही. त्याची चिडचिड करून घेऊ नका. पर्याय माहीत असले की पुरे.

वादळांबद्दल आईवडील विचारतीलच. हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर आणि जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर, म्हणजे नेमकं तुमचं पहिलं सत्र. ग्रेनेडा नेहमीच्या वाटेच्या जरा दक्षिणेला आहे, म्हणून इथं थेट तडाखे कमी बसतात, पण बसतात. ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन वादळानं बेटावरच्या दहापैकी नऊ घरांचं नुकसान केलं आणि जायफळाच्या बागा झोपवल्या. १ जुलै २०२४ ला बेरिलनं कॅरियाकू जवळजवळ उद्ध्वस्त केलं. तयारी साधी आहे. पासपोर्ट, थोडी रोकड, महिन्याची औषधं, टॉर्च, पॉवर बँक, दोन दिवसांचं पाणी एका पिशवीत, आणि नोट्स लॅपटॉपवर उतरवून ठेवलेल्या, कारण आधी इंटरनेट जातं. सूचना कॉलेजची आणि सरकारची ऐकायची, मित्रांच्या ग्रुपवरची नाही. आणि वादळ येतंय म्हणून अभ्यास थांबवू नका. पुष्कळदा ते वळून जातं आणि परीक्षा मात्र ठरल्या दिवशी होते.

शेवटी एकटेपणा. तो पहिल्या आठवड्यात येत नाही. तेव्हा सगळं नवं असतं, ओळखी होत असतात. तो पाचव्या-सहाव्या आठवड्यात येतो, आणि दुसऱ्यांदा सुट्टीनंतर, जेव्हा बाजूच्या खोलीतला किंवा तुमच्याच गटातला कुणी परतच येत नाही. कॅरिबियन कॉलेजांत गळती मोठी आहे, हे आधीच माहीत असावं. सत्रागणिक ओळखीचे चेहरे कमी होतात, आणि त्याबद्दल मोकळेपणानं कुणी बोलत नाही. तुम्ही बोला. गेलेल्या मित्राला फोन करा. त्याला त्या दिवसांत कुणाचाच फोन येत नसतो.

स्वतःवर नजर ठेवायची खूण सांगतो. सलग दोन आठवडे झोप लागत नसेल किंवा उठवतच नसेल, जेवण चुकत असेल, वर्ग टाळले जात असतील, घरच्यांशी खोटं बोलावंसं वाटत असेल, तर ते आळसाचं लक्षण नाही. समुपदेशकाकडे जा. जीव नकोसा झाल्याचे विचार आले तर तासभरही एकटे राहू नका, शेजारच्या खोलीचं दार वाजवा, कॅम्पसच्या दवाखान्यात जा. यानं करिअर बिघडतं ही अफवा आहे. उपचार न घेतल्यानं बिघडलेली करिअरं मी पाहिली आहेत.

आणि कॅम्पसबाहेर एखादी तरी जागा आपली करा. मराठी किंवा भारतीय मुलांचा गट लगेच जमतो, तो असू द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. शनिवारी दुपारी हॅश नावाची पायपीट असते. स्थानिक लोक, विद्यार्थी, म्हातारेकोतारे सगळे मिळून कुठल्या तरी गावातून, जायफळाच्या बागांतून, चिखलातून चालतात. तिथं तुम्हाला कुणी मार्क विचारत नाही. मला वाटतं, बेटाशी खरी ओळख अशाच ठिकाणी होते.

सामानात भरायचं ते एवढं: सुती कपडे, नव्या विद्यार्थ्यांना पांढरा कोट देण्याच्या समारंभासाठी एक औपचारिक पोशाख, दोन स्वेटर, चांगले चालायचे बूट, छोटा प्रेशर कुकर, चष्म्याची जादा जोडी, नेहमीची औषधं प्रिस्क्रिप्शनसह, लसीकरणाची कागदपत्रं, अडॅप्टर, मोहरी-हिंग-गोडा मसाला. जाडजूड पुस्तकं नेऊ नका, बहुतेक सगळं डिजिटल मिळतं. बियाणं, रोपं किंवा ताजी फळं बॅगेत घालू नका, आणि खाण्याचे जे जिन्नस नेत असाल ते कस्टम्सच्या फॉर्मवर लिहा.